विल्यम शेक्सपिअर, जुनिअर
विल्यम शेक्सपिअर, जुनिअर (१८६९ - १९५०) हे अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. याच नावाचे इंग्लिश नाटककार वेगळे.

त्यांचा जन्म मिशिगन राज्यातील कालामाझू येथे झाला. गळाने मासे धरण्यासाठी, म्हणजेच कोकणात ज्याला गरवणे म्हणतात त्यासाठी, तेव्हा आडव्या फिरत्या फिरकीच्या रिळाने कृत्रिम आमिष दूर फेकले जाई. दोरा परत गुंडाळताना तो बोटाने फिरकीच्या रुंदीभर सारखा पसरावा लागे. एकाच जागी साचल्यास पुढील फेकीत तो अडके. शेक्सपिअर यांनी फिरकीसमोर उलटसुलट आटे पाडलेला दांडा बसवला. मूठ फिरवताच त्यावरील दोरावाहक डावीउजवीकडे सरके व दोरा समान थरांत गुंडाळला जाई. १८९७ मध्ये त्यांना या रचनेचे एकस्व मिळाले. त्याच वर्षी त्यांनी कालामाझू येथे कंपनी स्थापन केली.

फेकताना फिरकी दोऱ्याहून वेगाने फिरल्यास होणारा गुंता मात्र या रचनेने टळला नाही. त्यासाठी अंगठ्याचा दाब आवश्यकच राहिला. पुढे कंपनीने आमिषे व गळकाठ्याही बनवल्या. या प्रकारच्या बहुतेक आधुनिक रिळांत आजही हेच तत्त्व वापरले जाते.