पीळ ओळखणारा यंत्रकार : सर जोसेफ व्हिटवर्थ

भारतातील जुन्या कारखान्यांत हयात घालवलेल्या फिटरांना व्हिटवर्थ हे नाव परिचयाचे असते ते आट्यांमुळे. बोल्टच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा असावा आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला इंचामागे ठरावीक आटे असावेत, ही पद्धत जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडली. तोवर प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा आणि नटही वेगळा असे. याच माणसाने पुढे बंदुकीच्या नळीतील पिळाचे कोडे सोडवले, आणि त्याबद्दल त्यांच्या वाट्याला मुख्यतः नकारच आला.

व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील शिक्षक व धर्मोपदेशक होते. किशोरवयात मुलाला मामांच्या सूतगिरणीत धाडण्यात आले. तिथे सुताच्या धंद्यापेक्षा गिरणीतील यंत्रांनीच त्याला ओढून घेतले आणि काही वर्षांत त्याने मँचेस्टरची वाट धरली. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या नामांकित कारखान्यात हात तयार झाला. १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्यांनी स्वतःचा कारखाना थाटला. लोखंडाचे तीन पत्रे आळीपाळीने एकमेकांशी ताडून पाहत, उंचवटे खरवडत नेले की तिन्ही खऱ्या अर्थाने सपाट होतात, ही रीत त्यांनी रूढ केली. इंचाच्या दशलक्षांशापर्यंतचा फरक दाखवणारे मापनयंत्रही त्यांनी घडवले. मोजता न येणारी गोष्ट त्यांना सहसा पटत नसे.

हा स्वभाव सरकारलाही लवकरच कळला. क्रिमियन युद्धाच्या काळात लष्कराला एनफिल्ड रायफली मोठ्या संख्येने हव्या होत्या आणि त्यासाठीची यंत्रे व्हिटवर्थ यांनी तयार करावीत, अशी विचारणा झाली. सारख्याच दिसणाऱ्या दोन रायफलींपैकी एक नेम साधते आणि दुसरी का चुकते, हे कुणालाच नीट सांगता येईना. मग यंत्रे कशाची करायची, असा त्यांचा पवित्रा होता. अखेर सरकारी खर्चाने मँचेस्टरजवळ त्यांच्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीचे बंदिस्त चाचणीगृह उभे राहिले. वादळाने ते पाडले, तेव्हा पुन्हा बांधण्यात आले. गोळीच्या मार्गात ठिकठिकाणी पातळ कागदाचे पडदे टांगलेले असत. पडद्यावरील छिद्र गोल असेल तर गोळी सरळ गेली. लांबट असेल तर ती वाटेत कलंडली.

इथे थोडे थांबून पिळाचे गणित समजून घ्यावे लागते. नळीच्या आतील खाचा गोळीला गरगर फिरवतात आणि फिरणारा भोवरा जसा उभा राहतो, तशी गोळी नाक पुढे ठेवून जाते. एकाच व्यासाची गोळी जड करायची म्हणजे ती लांब करावी लागते; आणि गोळी जितकी लांब, तितका हवेचा दाब तिला उलटवायला टपलेला. म्हणून लांब गोळीला पीळ घट्ट लागतो. गरजेपेक्षा फार घट्ट पीळही सोयीचा नसतो, कारण गोळीच्या घडणीतील बारीकसा दोषही अतिवेगाच्या फिरकीने वाढतो. वजनाची चर्चा फार होते, पण खरी गोष्ट लांबीची आहे.

एनफिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता आणि तिच्या खाचा ७८ इंचांत एक वेढा घेत. नळी ३९ इंचांची, म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळी अर्धाच वेढा फिरे. व्हिटवर्थ यांनी गोळीचे वजन ५३० ग्रेन, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम, एनफिल्डइतकेच राखले. व्यास मात्र ०.४५१ इंचांवर आणला. गोळी साहजिकच बारीक व लांब झाली, व्यासाच्या जवळपास तिप्पट. निरनिराळे पीळ तपासून त्यांनी २० इंचांत एक वेढा हे प्रमाण निवडले. नळीचे पोकळ अंग षट्कोनी ठेवले आणि गोळीही त्याच आकाराची केली.

१८५७ मध्ये हाइथ येथे दोन्ही रायफलींची तुलना झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या सरासरी सव्वादोन फूट भरकटत होत्या, तर व्हिटवर्थच्या जेमतेम साडेचार इंच. १४०० यार्डांवर एनफिल्डची एकही गोळी लागली नाही. त्याच वर्षी मीरतमध्ये ठिणगी पडली आणि पुढच्या वर्षी ग्वाल्हेरपर्यंत वणवा पोहोचला, तो याच एनफिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांच्या प्रश्नावरून. तेव्हा इंग्रजांच्या हाती असलेली रायफल त्यांच्याच मैदानावर हरलेली होती.

तरीही लष्कराने व्हिटवर्थ रायफल स्वीकारली नाही. व्यास फार लहान आहे, नळीत दारूची काजळी लवकर साचते, किंमतही परवडत नाही, अशी कारणे पुढे आली. काजळीची आणि किमतीची तक्रार खोटी नव्हती. व्यासाबाबत मात्र लष्कर चुकले, हे पुढे त्यानेच दाखवून दिले. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे नेमबाजी स्पर्धेच्या उद्घाटनाला राणी व्हिक्टोरियाने रेशमी दोरी ओढून पहिली गोळी उडवली, ती व्हिटवर्थचीच. ४०० यार्डांवर ती लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचावर बसली. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेकडील निवडक नेमबाजांनी ही रायफल वापरली. १८६४ मध्ये स्पॉटसिल्व्हेनिया येथे जनरल जॉन सेजविक दूरवरून आलेल्या ज्या गोळीने मारले गेले, ती याच रायफलीची असावी, असे मानले जाते.

१८७१ मध्ये ब्रिटिश लष्कराने मार्टिनी-हेन्री ही नवी रायफल घेतली. तिचा व्यास ०.४५ इंच, गोळी ४८० ग्रेनची आणि पीळ २२ इंचांत एक वेढा. आठ वर्षांनी वुलिचचे गणिती आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी याविषयीचे सूत्र दिले : व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून गोळीच्या लांबीने भागावे. व्हिटवर्थ यांच्या गोळीला ते लावले, तर उत्तर साडेबावीस इंचांच्या आसपास येते. कागदी पडद्यांनी सांगितलेले २० इंच त्याहून किंचित घट्टच होते.

तोफांच्या बाबतीतही आर्मस्ट्राँग यांच्याशी त्यांची दीर्घ स्पर्धा चालली. सरकारकडून कंत्राटे हुकली, तरी १८६८ मध्ये व्हिटवर्थ यांनी होतकरू यंत्रकारांसाठी प्रत्येकी १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या देऊ केल्या. पुढच्या वर्षी त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. संपत्तीचा मोठा भाग मँचेस्टरच्या लोकांसाठी गेला आणि तिथले व्हिटवर्थ कलादालन त्यातूनच उभे राहिले. चाचणीगृहाच्या आवारातील त्यांच्या घरात पुढे 'मँचेस्टर गार्डियन'चे संपादक सी. पी. स्कॉट राहत आणि तिथून सायकलवर कचेरीत जात.