एका डोळ्याचा वैमानिक

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मी गेलो तो राइट बंधूंचं विमान बघायला. मुलीकडे मुक्काम होता, सोबत नातू होता, आणि विमानांपुढे आजोबांना कोण विचारतो! तो मला ओढत एका पांढऱ्या, गुटगुटीत विमानापुढे घेऊन गेला. अंगावर निळसर पट्टे, बाजूला नाव लिहिलेलं: विनी मे. हे विमान चक्क प्लायवुडचं आहे हे कळल्यावर तो हरखला. मग त्याने लहान मुलं विचारतात तसा सरळ प्रश्न केला, की याचा वैमानिक याच विमानात पडून मेला का? मला उत्तर येत नव्हतं. घरी आल्यावर वाचलं. पडला, पण या विमानात नाही. दुसऱ्याच एका विमानात, आणि ते त्याने स्वतः जोडून घेतलेलं होतं. त्या दिवसापासून वायली पोस्ट हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

टेक्सासमधल्या एका शेतकऱ्याच्या घरात २२ नोव्हेंबर १८९८ रोजी तो जन्मला. कुटुंब पुढे ओक्लाहोमात गेलं. शाळेत त्याचं मन कधी रमलं नाही. पंधराव्या वर्षाच्या सुमारास, १९१३ मध्ये, लॉटन गावच्या जत्रेत त्याने पहिलं विमान पाहिलं आणि शेतीवरचं लक्ष कायमचं उडालं. पण विमान बघणं वेगळं आणि ते हाती येणं वेगळं. तेलाच्या विहिरींवर अंगमेहनतीची कामं केली. मध्ये तर असा घसरला, की १९२१ मध्ये वाटमारीच्या गुन्ह्यात दहा वर्षांची शिक्षा झाली. वर्षभराने पॅरोलवर सुटला. अमेरिकेत त्याच्यावर लिहिणारे बरेच जण हे प्रकरण हळूच वगळतात. मला ते वगळावंसं वाटत नाही. ज्याच्याकडून कुणाला काही अपेक्षा उरलेली नाही, असा माणूस दुसऱ्याचं ऐकण्याची सवय कुठून लावून घेणार?

सुटल्यावर एका उडत्या सर्कशीत तो पॅराशूटने उड्या मारू लागला. पैसा पुरेना, म्हणून पुन्हा तेलविहिरीवर. १ ऑक्टोबर १९२६ रोजी तिथे काम चालू असताना लोखंडाची एक कपची उडून डाव्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली. उजवा डोळा वाचवायचा तर डावा काढणं भाग होतं. दुसरा कुणी असता तर विमानाचं नाव टाकून देता. पोस्टला नुकसानभरपाई म्हणून सतराशे-अठराशे डॉलर मिळाले. त्या पैशांतून त्याने जुनं विमान विकत घेतलं!

एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटून पाहा, म्हणजे कळेल. विमान उतरवताना जमीन किती खाली आहे हे हातभराच्या हिशेबाने कळावं लागतं. पोस्टने त्यावर शेतकरी उपाय काढला. समोरचं झाड किती पावलांवर असेल याचा मनाशी अंदाज बांधायचा आणि मग चालत जाऊन पावलं मोजायची. आठवडेच्या आठवडे हा उद्योग चालला. शेवटी त्याची नजर दोन डोळ्यांच्या माणसापेक्षा पक्की झाली म्हणतात. परवान्यासाठीही जास्तीच्या उड्डाणांची परीक्षा देऊन त्याने सरकारला आपलं म्हणणं मान्य करायला लावलं. १९२७ मध्ये मे लेन या मुलीला विमानात बसवून पळवून नेलं. वाटेत इंजिन बंद पडलं, विमान शेतात उतरलं, आणि जवळच पाद्री शोधून दोघांनी लग्न उरकलं. इंजिन बंद पडूनही सगळं सुरळीत झालं, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पुढे एफ. सी. हॉल नावाच्या तेलव्यापाऱ्याने त्याला खासगी वैमानिक म्हणून ठेवलं. हॉलच्या मुलीचं नाव विनी मे, तेच विमानाला दिलेलं. २३ जून १९३१ रोजी पोस्ट आणि टास्मानियाचा दिशातज्ज्ञ हॅरल्ड गॅटी न्यूयॉर्कजवळून निघाले आणि ८ दिवस १५ तास ५१ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून परतले. त्याआधीचा विक्रम ग्राफ झेपेलिन या हवाई जहाजाचा, २१ दिवसांचा. तेव्हा काही लोक बोलू लागले, की डोकं गॅटीचं, पोस्ट नुसता सारथी. ते त्याला लागलं असावं. जुलै १९३३ मध्ये तो एकटा निघाला. सोबत नव्याने आलेलं स्वयंचलित सुकाणू होतं. बसल्या जागी झोप लागू नये म्हणून बोटाला दोरीने पाना बांधून ठेवी, डुलकी लागली की पाना पडून हिसका बसे, असं सांगतात. अलास्कात फ्लॅट नावाच्या वस्तीत उतरताना प्रोपेलर वाकला. तेव्हा जो क्रॉसन या तिथल्या कसलेल्या वैमानिकाने नवा प्रोपेलर आणून दिला आणि गाडी पुन्हा मार्गी लागली. ७ दिवस १८ तास ४९ मिनिटं. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला वैमानिक! याच दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, आपले जे.आर.डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन जुहूला उतरले होते. म्हणजे काळ कोणता ते कळावं.

मग त्याला उंचीचं वेड लागलं. विनी मेची लाकडी केबिन हवाबंद करता येईना, तर त्याने स्वतःसाठीच हवाबंद पोशाख करवून घेतला. पाणबुड्याच्या शिरस्त्राणासारखं ते ध्यान दिसे, पण आजच्या अंतराळवीरांच्या पोशाखाचं ते पूर्वज. फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याचा, म्हणजे जेट स्ट्रीमचा, त्याने प्रत्यक्ष अनुभव घेतला. मार्च १९३५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँकहून क्लीव्हलंडपर्यंतची २,०३५ मैलांची मजल त्या जुन्या विमानाने ७ तास १९ मिनिटांत मारली, ती या वाऱ्याच्या पाठबळावर.

आणि इथे घोडचूक सुरू होते. विनी मे थकली होती. पोस्टला अलास्कामार्गे सैबेरियाकडे जाणारा हवाई मार्ग पाहायचा होता. नवं विमान घ्यायला पैसे नाहीत. म्हणून त्याने लॉकहीड कंपनीच्या ओरायन विमानाचं धड घेतलं आणि त्याच कंपनीच्या मोडक्या एक्सप्लोरर विमानाचे लांब पंख त्याला जोडायचे ठरवलं. दोन्ही रचना एकमेकींत बसणाऱ्या नाहीत म्हणून कंपनीने हे काम करायला नकार दिला. त्याने दुसरीकडे करून घेतलं. अलास्कात धावपट्ट्या कमी, तळी भरपूर, तेव्हा चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे पोकळ फ्लोट हवेत. मागवलेले फ्लोट वेळेवर आले नाहीत. मग मोठ्या विमानासाठी केलेले, जास्त जड फ्लोट त्याने बसवून घेतले. आधीच नाकाकडे जड असलेलं विमान आणखी जड झालं.

बैलगाडी हाकलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. भार मागे गेला तर गाडी उलळते, पुढे आला तर बैलांच्या मानेवर बसतो. मधला भार साधला तरच गाडी हलकी चालते. विमानाचंही तसंच, फक्त तिथे मान धरायला बैल नसतात. नाक जड असलं तर शेपटीचा पडदा सतत नाक वर उचलून धरतो. हे बळ त्याला मिळतं वेगातून आणि प्रोपेलरने मागे फेकलेल्या वाऱ्यातून. इंजिन चालू आहे तोवर वैमानिकाला वाटतं, विमान ताब्यात आहे. इंजिन बंद पडलं, की तो वारा क्षणात थांबतो आणि नाक खाली जातं. वर उंची असेल तर सावरायला वेळ मिळतो. जमिनीपासून शंभर-दोनशे फुटांवर तो मिळत नाही. छोट्या विमानांच्या अपघातांत उड्डाणानंतरचं पहिलं मिनिट फार घातक समजतात ते यासाठीच.

सोबत विल रॉजर्स होता. अमेरिकेचा लाडका विनोदकार आणि चित्रपटनट. शेकडो वृत्तपत्रांत त्याचा मजकूर छापून येई. विमानात टाइपरायटर घेऊन बसणारा प्रवासी. मे सिएटलपर्यंत आली आणि तिथून मागे राहिली.

१५ ऑगस्ट १९३५. तारीख आपल्याला पाठ आहे, वेगळ्या कारणाने. फेअरबँक्सहून उत्तरेला बॅरोकडे निघायचं होतं आणि बॅरोला धुकं होतं. विमानाचा तोल आणि हवामान, दोन्ही पाहून क्रॉसनने थांबायचा सल्ला दिला, असं चरित्रकार लिहितात. दोन वर्षांपूर्वी ज्याने प्रोपेलर आणून दिला तोच हा क्रॉसन. पोस्ट थांबला नाही. प्रवासी कंपनीच्या वैमानिकाला रोखायला वर कचेरी असते, नियमपुस्तक असतं. खासगी विमानात नको म्हणण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असतो, आणि पोस्टने आयुष्यभर तो शब्द स्वतःला कधी ऐकवला नव्हता.

धुक्यात वाट चुकली. बॅरोपासून पंधराएक मैलांवर वालाकपा नावाच्या खाडीत त्यांनी विमान उतरवलं. काठावर क्लेअर ओकपिहा या एस्किमो शिकाऱ्याचा तळ होता. त्याला वाट विचारली, जरा पाय मोकळे केले. बॅरो आता विमानाने दहा मिनिटांवर. पुन्हा उड्डाण केलं, विमान जेमतेम वर चढलं आणि इंजिन बंद पडलं. नाक खाली गेलं आणि विमान उथळ पाण्यात आदळून उलटलं. ओकपिहाने हाका मारल्या. आतून उत्तर आलं नाही. मग तो ओल्या टुंड्रातून बॅरोपर्यंत पळत गेला. पोस्ट ३६ वर्षांचा होता, रॉजर्स ५५.

इंजिन का थांबलं यावर आजही वाद आहे. कुणी म्हणतं, चालू टाकीतलं इंधन संपलं. कुणी म्हणतं, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला. पेट्रोलची वाफ होताना आजूबाजूची उष्णता खेचली जाते, माठातलं पाणी गार होतं तसंच, आणि दमट हवेतलं बाष्प तिथे गोठून इंजिनाचा श्वास कोंडतो. सरकारी चौकशीने बोट ठेवलं ते तोल बिघडलेल्या विमानावर. इंजिन तर लग्नाच्या दिवशीही बंद पडलं होतं. त्या दिवशीचं विमान शांतपणे तरंगत शेतात उतरलं होतं.

दोघांचे मृतदेह फेअरबँक्सला आणले ते क्रॉसननेच. मेने १९३६ मध्ये विनी मे स्मिथसोनियनला विकलं. ओक्लाहोमा सिटीत आज दोघांच्या नावाने दोन विमानतळ आहेत. रॉजर्सच्या नावाच्या विमानतळावर मोठी प्रवासी विमानं उतरतात. वायली पोस्ट विमानतळ मुख्यतः छोट्या, खासगी विमानांसाठी आहे. नातवाला मी फोनवर हे सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग विचारलं, तिथे विमानाचं वजन कोण बघतं?