आधी धृपद, मग कवित्व

सज्जनहो, अभंग करावा असे पुष्कळांना वाटते. कीर्तन संपले की एखादा तरुण जवळ येऊन विचारतो, बुवा, स्फूर्ती यायची कशी? ह्याचे उत्तर श्रीतुकोबारायांच्या चरित्रात आहे. पण आपण ते चरित्र नामदेवरायांच्या स्वप्नापासून सांगू लागतो, आणि स्वप्नाच्या आधीची वर्षे राहून जातात. आज तीच आधी सांगतो.

शके १५३० म्हणजे इ. स. १६०८ हे महाराजांचे जन्मवर्ष सामान्यतः धरतात. इंद्रायणीकाठचे देहू गाव, विश्वंभरबोवांपासून घरात चालत आलेली विठ्ठलभक्ती, आणि चरितार्थाला दुकान. वडील बोल्होबा व आई कनकाई यांचे छत्र लवकर गेले. वडील बंधू सावजी पत्नी वारल्यावर तीर्थाटनास निघून गेले. पुढे १६३० च्या सुमारास तो भयंकर दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, पत गेली, पहिली पत्नी रखुमाबाई अन्न अन्न करीत गेली, लहानगा संतूही गेला. महीपतिबोवा सांगतात की, लोकांकडून येणे असलेली खते महाराजांनी धाकट्या कान्होबांशी वाटून घेतली आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडून दिला.

एवढे दुःख झाल्यावर लगेच काव्य सुचले असेल, असे कोणी म्हणेल. तसे झाले नाही, बरं का! महाराजांनी पहिल्याने हाती घेतले ते मोडलेले देऊळ. ते नीट केले आणि एकादशीला कीर्तन करू लागले. आरंभी आपले चित्त अभ्यासात नव्हते, हे त्यांनी आपल्या अभंगांत मोकळेपणाने कबूल केले आहे. मग त्यांनी संतांची वचने आदराने पाठ केली. भामचंद्र आणि भंडारा ह्या डोंगरांवरच्या एकांतात नामचिंतन केले. आणि जे पुढे उभे राहून गात, त्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले.

धृपद धरणे हे लहान काम वाटते. पण विचार करा. पुढचे बुवा एकेक चरण म्हणून पुढे जातात; मागच्याला मात्र तेच धृपद पुन्हा पुन्हा म्हणावे लागते. कोणता शब्द तोंडात सहज बसतो आणि कोणता अडखळतो, हे मागच्यालाच कळते. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या खंडाला यमक. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन खंड. हे गणित घटकाभरात समजते. ते गळ्यात मुरायला वर्षे लागतात.

ह्या तयारीनंतर मग ते स्वप्न पडले. नामदेवरायांनी पांडुरंगासह येऊन जागे केले आणि आपली शतकोटींची राहिलेली संख्या पुरी करण्यास सांगितले. माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, बाबाजींचा उपदेशही स्वप्नातच झाला. भांडे घासून ठेवलेले होते, प्रसाद त्यात पडला. शब्द आले ते मात्र दुकानातले नि शेतातले: माप, भांडवल, हमाल, पेरणी.

पुढे कवित्वाचा निषेध झाला. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांचा विरोध परंपरेत प्रसिद्धच आहे. महाराजांच्या जिवाला फार लागले. ज्या इंद्रायणीत खते सोडली, तिच्यातच अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या. तेरा दिवस ते देवापाशी धरणे धरून बसले. वह्या कोरड्या वर आल्या, ही आपली श्रद्धा. बहिणाबाईंनीही आपल्या अभंगात ही वार्ता सांगितली आहे. आणि काय नवल पाहा, त्याच रामेश्वरभट्टांनी पुढे तुकोबारायांची आरती रचली. ती आजही देवळोदेवळी म्हटली जाते.

फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१, इ. स. १६५० ला महाराज वैकुंठवासी झाले असे मानतात. मुंबई सरकारने १८६९ ते १८७३ या काळात शंकर पांडुरंग पंडित यांच्याकडून त्यांची गाथा छापविली, तीत साडेचार हजारांवर अभंग आहेत.

आता माझी एक गोष्ट सांगून पुरे करतो. पाठशाळेत मी वृत्तरत्नाकर मुखोद्गत केला आणि विशीतच एक अभंग रचला. अक्षरे बरोबर, यमक बरोबर. पहिल्याच कीर्तनात तो ऐटीत म्हटला, तर मागचा एकही टाळकरी धृपद उचलीना! मी त्यांच्यावरच रागावलो. चूक माझी होती. मी कधी कोणाच्या मागे उभाच राहिलो नव्हतो. तेव्हा बाळांनो, वही उघडण्यापूर्वी एक वारी टाळ घेऊन मागच्या रांगेत चाला.

रामकृष्णहरि.