शत्रूच्याही जखमा बांधणारा पाळक

रेव्हरंड जॉफ्री स्टडर्ट केनेडी ह्यांचा जन्म 27 जून 1883 रोजी इंग्लंडातील लीड्स शहरी झाला. वडील एका गरीब वस्तीचे पाळक होते. नऊ भावंडांत हे सातवे. डब्लिन येथे शिक्षण झाल्यावर त्यांनी सेवेस आरंभ केला, आणि 1914 साली ते वुस्टर येथील सेंट पॉल मंडळीचे पाळक झाले. मंडळी दरिद्री होती आणि पाळकाच्या हाती पैसा टिकत नसे. एकदा तर त्यांनी घरचा पलंगच एका आजाऱ्यास देऊन टाकला, असे सांगतात.

त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. हे युद्ध न्यायाचे आहे असे मानून, प्रत्येक धडधाकट पुरुषाने सैन्यात जावे, असे त्यांनी मंडळीच्या पत्रिकेत लिहिले. पुढे 1915 च्या अखेरीस ते स्वतःही पलटणीचे पाळक होऊन फ्रान्सात गेले. आघाडीवर निघालेल्या शिपायांना ते आगगाडीच्या स्टेशनावर नवा करार देत आणि त्याबरोबर वुडबाइन नावाच्या स्वस्त सिगारेटी वाटीत. त्यावरून शिपाई त्यांस प्रेमाने वुडबाइन विली म्हणू लागले. तंबाखूचे व्यसन आम्हांस इष्ट वाटत नाही. परंतु मरणाच्या वाटेवरील माणसाचा हात ह्या पाळकाने कसा धरला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

बेल्जियम देशात ईपर शहराच्या दक्षिणेस मेसीन नावाचे लांबट टेकाड आहे. 1914 पासून ते जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. त्यावर खंदकांमागे खंदक, पुढे काटेरी तारांची जाळी आणि जागोजागी मशीनगनांचे पक्के मोर्चे, असा बंदोबस्त होता. वरून शत्रूस खालचे सर्व दिसे. म्हणून इंग्रज सेनापती प्लूमर ह्यांच्या सैन्याने वर्षाहून अधिक काळ खपून टेकाडाखाली भुयारे खणली व त्यांत दारू ठासली. मग अनेक दिवस तोफांचा भडिमार केला. 7 जून 1917 रोजी पहाटे 3 वाजून 10 मिनिटांनी 19 सुरुंग उडाले. धरणी हादरली, खंदक माणसांसह उलथले, आणि पायदळ टेकाडावर चढले.

ह्या लढाईत केनेडी ह्यांच्या हाती शस्त्र नव्हते. गोळ्यांचा वर्षाव चालू असता ते तोफगोळ्यांनी पडलेल्या खड्ड्याखड्ड्यांतून जखमी शोधीत फिरले. कोणी आपला आढळे, कोणी जर्मन. त्यांनी भेद केला नाही. दोघांसही आधार देऊन मलमपट्टीच्या ठाण्यापर्यंत नेले. ह्या धैर्याबद्दल सरकारने त्यांस मिलिटरी क्रॉस हे पदक दिले. त्या पदकाच्या लेखातही शत्रूच्या जखमींचा उल्लेख आहे.

टेकाड त्याच दिवशी सर झाले. लढाई संपेपर्यंत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 50,000 लोक मेले, जखमी झाले किंवा हरवले. पुढे 1918 च्या एप्रिलात तेच मेसीन जर्मनांनी परत घेतले, व सप्टेंबरात ते पुन्हा इंग्रजांकडे आले. एवढ्या रक्ताने घेतलेली भूमी वर्षभरही हाती राहिली नाही.

जे पाहिले त्याने केनेडी ह्यांचे मन पालटले. ज्याने तरुणांस युद्धास जा म्हटले, तोच युद्धानंतर युद्धाचे पाप उघड सांगू लागला. आपली पूर्वीची चूक कबूल करण्यास त्यास लाज वाटली नाही. उरलेले आयुष्य त्यांनी गिरण्या व कारखान्यांतील मजुरांत सुवार्ता सांगण्यात आणि त्यांच्या हालांस वाचा फोडण्यात वेचले. शरीर दम्याने जर्जर होते, तरी प्रवास थांबला नाही. उपासाच्या दिवसांत उपदेशासाठी लिव्हरपूल येथे गेले असता 8 मार्च 1929 रोजी, वयाच्या 45 व्या वर्षी, ते प्रभूमध्ये निजले. वुस्टर येथे त्यांस मूठमाती दिली.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या गावात तोफा नाहीत. पण विहिरीवरून, बांधावरून, जातीवरून खणलेले खंदक आहेतच. ज्याने आपणांस पाण्यावरून हाकलले त्याच्या घरी तापाने कोणी पडले असेल, तर तेथे प्रथम कोण जाईल? येशूने सांगितलेला शोमरोनी वाटसरू जखमीची जात विचारीत बसला नाही. मेसीनच्या खड्ड्यांत केनेडी ह्यांनीही ती विचारली नाही. जिंकलेले टेकाड हातचे गेले. पण त्या खड्ड्यांतून जी दया उचलून आणली गेली, ती कोणत्याही सैन्यास परत घेता आली नाही.