विश्लेषण : चार वेळा मैफली थांबवणारा पियानोवादक प्रत्येक वेळी परतला कसा?

लहानपणी पियानो किंवा कीबोर्ड शिकलेले अनेक जण दहावी-बारावीत क्लास सोडतात. पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा वाजवावेसे वाटते. पण ओळखीची धून वाजवायला बसले की बोटे अडखळतात आणि झाकण पुन्हा बंद होते. मोठ्या खंडानंतर परतण्याची ही भीती हौशी वादकांपुरती मर्यादित नाही. विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेल्या पियानोवादकांपैकी एक असलेल्या व्लादिमीर होरोविट्झ यांनी चार वेळा जाहीर वादन थांबवले. त्यातील एक खंड तब्बल १२ वर्षांचा होता.

होरोविट्झ कोण होते?

होरोविट्झ यांचा जन्म १ ऑक्टोबर १९०३ रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यात झाला. कीव्ह शहरात ते लहानाचे मोठे झाले. वडील विद्युत अभियंता होते, तर आई पियानोवादक. पहिले धडे आईकडेच मिळाले. पुढे कीव्हच्या संगीत विद्यालयात फेलिक्स ब्लुमेनफेल्ड यांनी त्यांना घडवले. रशियन क्रांतीत कुटुंबाची मालमत्ता गेली आणि तरुण व्लादिमीरवर कमावण्याची वेळ आली. त्या टंचाईच्या काळात मैफलीचे मानधन अनेकदा पैशांऐवजी खाद्यपदार्थांच्या रूपात मिळत असे.

१९२५ मध्ये शिक्षणाचे कारण सांगून त्यांनी देश सोडला. १९२६ मध्ये हॅम्बर्ग येथे आजारी पडलेल्या वादकाच्या जागी त्यांना ऐनवेळी चायकोव्हस्कीचा पहिला कन्चेर्टो वाजवावा लागला आणि त्यांचे नाव युरोपभर झाले. १२ जानेवारी १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी अमेरिकेतील पहिली मैफल गाजवली. १९३३ मध्ये प्रसिद्ध संगीत संचालक आर्तुरो टॉस्कानिनी यांची कन्या वांडा हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

मैफली का थांबवल्या?

पहिला खंड १९३६ मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर पडला. सुमारे दोन वर्षांनी, १९३८ मध्ये ते परतले. दुसरा खंड अधिक गंभीर होता. फेब्रुवारी १९५३ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कारकीर्दीच्या पंचविशीनिमित्त कार्नेगी हॉलमध्ये वादन केले आणि त्यानंतर लवकरच दौरे रद्द केले. सततचा प्रवास, आतड्याचा विकार आणि नैराश्य यांनी ते खचले होते. तेव्हा त्यांचे वय ४९ होते. मागणी कमी झालेली नव्हती. उलट प्रत्येक मैफलीत आधीपेक्षा सरस वाजवण्याच्या अपेक्षेचे ओझे वाढत चालले होते.

१२ वर्षे पियानो बंदच होता का?

नाही. थांबले होते ते जाहीर वादन. न्यूयॉर्कच्या ९४व्या रस्त्यावरील घरात पियानो होता आणि तिथेच ध्वनिमुद्रणाची सोय करण्यात आली. याच काळात त्यांनी क्लेमेंटी या काहीशा विस्मरणात गेलेल्या संगीतकाराच्या सोनाटा ध्वनिमुद्रित केल्या. या रचनांत टाळ्या मिळवणारा झगमगाट कमी आणि स्वच्छ, नेमके वादन जास्त लागते. जुन्या ऑपेरा गायकांच्या ध्वनिमुद्रिकाही ते आवडीने ऐकत. पियानोवर स्वर दाबला की लगेच विरू लागतो, त्यामुळे त्यातून गाण्यासारखा सलग सूर काढणे अवघड असते. गायकांकडून ते हेच शिकत होते. १९६२ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी त्यांनी नव्याने ध्वनिमुद्रण सुरू केले.

पुनरागमनाची तयारी कशी झाली?

टप्प्याटप्प्याने. १९६५ च्या सुरुवातीला, कोणतीही घोषणा करण्यापूर्वी, त्यांनी रिकाम्या कार्नेगी हॉलमध्ये जाऊन वाजवून पाहिले. सभागृहाचा नाद, पियानोची जागा आणि स्वतःचा धीर यांची ती चाचणी होती. खात्री पटल्यावरच तारीख जाहीर झाली. तिकिटांसाठी लोकांनी रात्रभर रांग लावली. वांडा यांनी या रांगेतील लोकांसाठी कॉफीची व्यवस्था केली. खिडकी उघडल्यावर काही तासांतच तिकिटे संपली.

९ मे १९६५ रोजी काय घडले?

रविवारी दुपारी होरोविट्झ मंचावर आले आणि सभागृह उभे राहिले. सुरुवात बाख यांच्या मूळ ऑर्गनसाठीच्या रचनेने होती. बुसोनी यांनी तिचे पियानोसाठी रूपांतर केले आहे. १२ वर्षांनंतरच्या या पहिल्याच रचनेच्या आरंभी चुकीच्या पट्ट्या दाबल्या गेल्या. ते थांबले नाहीत. पुढे शुमान यांची ‘फँटसी’ ही दीर्घ रचना आली. तिच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी दोन्ही हातांना एकाच वेळी विरुद्ध दिशांना लांब उड्या घ्याव्या लागतात. तिथेही सगळे स्वर जागेवर पडले नाहीत. तरीही मैफल ऐतिहासिक ठरली.

या मैफलीची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी आली तेव्हा त्यातील काही चुका दुरुस्त करण्यात आल्या होत्या. जन्मशताब्दीच्या वर्षी, २००३ मध्ये मात्र मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे प्रसिद्ध झाले. श्रोत्यांनी त्या दुपारी जे ऐकले होते, ते ३८ वर्षांनी चुकांसह सर्वांना मिळाले आणि त्याने होरोविट्झ यांची प्रतिष्ठा कमी झाली नाही.

जपान दौरा का फसला?

१९६९ ते १९७४ असा आणखी एक खंड पडला. त्यानंतरच्या वर्षांत ते आपल्या अटींवर वाजवत. मैफली साधारणतः रविवारी दुपारी चार वाजता होत आणि स्वतःचा स्टाइनवे पियानो सोबत नेला जाई. १९८३ मध्ये मात्र मोठी पडझड झाली. नैराश्यावरील औषधांचा परिणाम आणि त्यात मद्यपान, अशा अवस्थेत ते जपानला गेले. कार्यक्रमात शुमान यांच्या ‘कार्निव्हल’सारख्या कठीण रचना होत्या. स्मृती दगा देत होती, स्वर चुकत होते. टीका झाली आणि वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर त्यांनी चौथ्यांदा मंच सोडला.

१९६५ मध्येही स्वर चुकले होते. फरक तयारीचा आणि प्रकृतीचा होता. १९८३ मध्ये शरीर साथ देत नसतानाही कार्यक्रम जुन्या ताकदीच्या हिशेबाने आखला गेला होता.

८२व्या वर्षी ते कसे परतले?

ती औषधे आणि मद्य बंद झाले. १९८५ मध्ये आधी घरीच, एका माहितीपटासाठी त्यांनी वादन केले आणि मग युरोपात मैफली केल्या. निवड बदलली होती. स्कार्लाटी, मोझार्ट, शोपां यांच्या मझुर्का अशा तुलनेने लहान रचना वाढल्या. २० एप्रिल १९८६ रोजी, देश सोडल्यानंतर सहा दशकांनी, त्यांनी मॉस्कोत वादन केले. शुमान यांच्या ‘ट्रॉयमेराय’ या जेमतेम तीन मिनिटांच्या रचनेच्या वेळी श्रोत्यांचे डोळे पाणावले. ही रचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही वाजवता येते. त्याच वर्षी ते जपानलाही पुन्हा गेले आणि या वेळी मैफली यशस्वी झाल्या.

मोठेपणी पियानोकडे वळणाऱ्यांसाठी यात काय आहे?

मोठ्या खंडानंतर संगीताची जाण बरीचशी टिकून असते. बोटांचा वेग, ताकद आणि दोन्ही हातांचा मेळ मात्र मंदावतो. कान पुढे आणि बोटे मागे राहतात, म्हणून स्वतःचेच वादन पूर्वीपेक्षा वाईट वाटू लागते. जिथे सोडले तिथून उचलण्याचा हट्ट इथे महागात पडतो. होरोविट्झ यांची यशस्वी पुनरागमने आधी घरात किंवा रिकाम्या सभागृहात सुरू झाली आणि रचना त्या वेळच्या हातांना झेपणाऱ्या निवडल्या तेव्हा ती टिकली.

अखेरच्या ध्वनिमुद्रणाचे काम त्यांनी घरीच १ नोव्हेंबर १९८९ रोजी संपवले. चार दिवसांनी, वयाच्या ८६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या ध्वनिमुद्रणातील बहुतेक रचना त्यांनी त्यापूर्वी कधीही ध्वनिमुद्रित केल्या नव्हत्या.