लोकशाहीर अण्णा भाऊ साठे व त्यांची मैना

आमच्या मातंग समाजात होऊन गेलेल्या थोर पुरुषांत लोकशाहीर तुकाराम भाऊराव तथा अण्णा भाऊ साठे यांचे स्थान अग्रभागी आहे. त्या काळच्या सातारा, सांप्रतच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचा जन्म झाला. शाळा त्यांस जेमतेम दीड दिवस लाभली. त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीविषयी व १९६१ सालच्या रशियाच्या प्रवासाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही येथे केवळ ‘माझी मैना’ या छक्कडीचा उगम पाहणार आहोत.

वडील भाऊराव पोटासाठी मुंबईस आणि आई वालुबाई मुलांसह गावी, अशी त्या घराची विभागणी बालपणीच झालेली होती. १९३१ च्या सुमारास हे कुटुंब पायी मुंबईस आले. अण्णा भाऊंनी कोळसा वेचला, हमाली केली, गिरणीत काम केले. गिरणगावात तेव्हा एकेका खोलीत अनेक पुरुष दाटीने राहत. तुटपुंज्या पगारात बिऱ्हाड थाटणे अशक्य, म्हणून बायकामुले गावी मोलमजुरी करीत. मैनेचा जन्म या खोल्यांतच झाला, असे आम्हांस वाटते.

१९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. तमाशाचा बाज त्यांना घरचाच होता. परंतु गणातील गणेशवंदनेच्या जागी त्यांनी मातृभूमीस व हुतात्म्यांस वंदन घातले. ही गोष्ट त्या काळी लहान नव्हे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी जनतेच्या माथी द्वैभाषिक मुंबई राज्य आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसे प्राणास मुकली. या धामधुमीतील ही छक्कड. आरंभी एक गरीब कामकरी गावी राहिलेल्या आपल्या पत्नीचे रूप व तिचा निरोप आठवतो. श्रोता शृंगारात रमतो. मग मुंबईची श्रीमंती व दैन्य येते, लढा येतो, आणि अखेरीस दुरावलेली मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा, डांग, उंबरगाव हे तुटलेले मुलूख होतात. कोणास हे ठिगळ वाटेल. आम्हांस वाटत नाही. विरह ज्याने भोगला, त्यालाच नकाशावरील रेघ अशी झोंबते. ज्या मांग कुटुंबांवर सरकारने गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला, ज्यांस गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्यातील एकाने अवघ्या महाराष्ट्राचे दुःख बोलून दाखवावे, याचा आम्हांस अभिमान आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. डांग व उंबरगाव गुजरातेत गेले. गोवा १९६१ साली मुक्त होऊनही वेगळाच राहिला. शाहिरांची अनेक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत गेली, आणि १८ जुलै १९६९ रोजी दारिद्र्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या छक्कडीतील बेळगाव, कारवार व निपाणी अद्यापि कर्नाटकातच आहेत.