हाड, पत्र आणि स्नोई

टिनटिन या पोरसवदा वार्ताहराच्या पायात घुटमळणारा पांढराशुभ्र फॉक्स टेरिअर इंग्रजी आवृत्त्यांमुळे आपल्याकडे स्नोई म्हणून परिचित आहे. मूळ फ्रेंचमध्ये त्याचे नाव मिलू. त्याचे जनक एर्जे यांच्या तरुणपणीच्या प्रेयसीचे, मारी-लुईजचे, हे लाडके नाव. या होतकरू चित्रकारात तिच्या वडिलांना काही भवितव्य दिसले नाही आणि ते प्रेम तिथेच संपले. नाव मात्र टिकले, तेही एका नर कुत्र्याला!

एर्जे म्हणजे जॉर्ज रेमी. जन्म २२ मे १९०७, ब्रुसेल्सलगतच्या एटरबेकचा. आद्याक्षरे उलटी करून फ्रेंच पद्धतीने उच्चारली की एर्जे हे टोपणनाव तयार होते. एका कॅथलिक दैनिकाच्या बालपुरवणीत १० जानेवारी १९२९ रोजी टिनटिन व स्नोई प्रथम अवतरले. आरंभीच्या कथांत स्नोई चक्क बोलतो, कुरकुरतो, धन्याला टोमणेही मारतो. टिनटिन निष्कलंक, त्यामुळे हाव, भीती, व्हिस्कीची चटक हे माणसाचे सारे दोष कुत्र्याच्या वाट्याला आले. खरे तर वाचकाला जवळचा वाटतो तो स्नोईच.

मे १९४० मध्ये जर्मनीने बेल्जियम व्यापले आणि ते दैनिक बंद पडले. एर्जे जर्मनांच्या नियंत्रणाखालील ‘ल स्वार’मध्ये दाखल झाले. खप प्रचंड, वाचक लाखो. पण शेजारच्या स्तंभांत नाझींचा प्रचार छापला जात होता. तेथेच १९४१ मध्ये शिवराळ, दारुडा कॅप्टन हॅडॉक अवतरला. धन्याशी वाद घालण्याचे स्नोईचे काम त्याने उचलले आणि स्नोईचे बोलणे हळूहळू कमी झाले. याच काळातील ‘द शूटिंग स्टार’ या कथेत ज्यू नावाचा बँकर खलनायक होता. पुढे ते नाव बदलले गेले, डाग मात्र पुसला गेला नाही.

सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रुसेल्स मुक्त झाले. एर्जे यांना चार वेळा अटक झाली. खटला चालला नाही, तरी वृत्तपत्रांची दारे दोन वर्षे बंद राहिली. आपण केवळ आपले काम करत होतो, ही त्यांची भूमिका. ती पूर्णपणे पटणे अवघड आहे. रेमाँ लब्लाँ या प्रतिकार चळवळीतील कार्यकर्त्याने १९४६ मध्ये ‘टिनटिन’ साप्ताहिक काढून त्यांना पुन्हा उभे केले. पण नैराश्याचे झटके येतच राहिले.

पन्नाशीत ते आपल्या स्टुडिओतील फॅनी या तरुण सहकारी चित्रकर्तीच्या प्रेमात पडले. पत्नी जर्मेनविषयीच्या अपराधी भावनेने त्यांना ग्रासले. स्वप्नांत सारे काही पांढरेफटक दिसे. मनोविश्लेषकाने काम थांबवण्याचा सल्ला दिला. एर्जे यांनी तो मानला नाही. उलट बर्फाने भरलेली ‘टिनटिन इन तिबेट’ ही कथा पूर्ण केली. तिचा ग्रंथ १९६० मध्ये निघाला.

तीत जखमी टिनटिन मदतीसाठी चिठ्ठी लिहून स्नोईला मठाकडे पाठवतो. वाटेत एक भलेमोठे हाड दिसते. देवदूत-स्नोई एकीकडे ओढतो, सैतान-स्नोई दुसरीकडे. स्नोई हाड उचलतो आणि चिठ्ठी वाऱ्यावर उडून जाते. मग शरमलेला स्नोई रिकाम्या तोंडानेच मठाकडे धावतो. एर्जे यांनी कुत्र्याला निर्दोष ठरवले नाही, त्याला धावायला मात्र लावले. युद्धकाळाविषयी त्यांनी दिलेल्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा ही दोन-तीन पाने मला अधिक प्रामाणिक वाटतात.

१९७७ मध्ये घटस्फोट होऊन त्यांनी फॅनीशी विवाह केला. तिबेटच्या कथेतील हरवलेला चँग ज्यांच्यावरून घेतला होता, ते चिनी शिल्पकार मित्र चँग चोंगरेन १९८१ मध्ये ब्रुसेल्सला येऊन त्यांना भेटले. साडेचार दशकांनी झालेली ही भेट. ३ मार्च १९८३ रोजी एर्जे यांचे निधन झाले. आपल्यामागे कुणी टिनटिन काढू नये, ही त्यांची इच्छा पाळली गेली. चोविसावी कथा कच्च्या रेखाटनांतच राहिली.